दोन टीबीचा रिकामा व्हॉल्यूम माउंट व्हायला पाऊण तास: डिस्कार्डचं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्याच टीमचं आहे, कंपनी, प्रॉडक्ट आणि स्टोरेजवाल्याचं नाव मुद्दाम काढलंय, आकडे मात्र आमच्या नोंदींमधलेच आहेत. कुबरनेटिसवर (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी यंत्रणा) मोठे व्हॉल्यूम (डेटा ठेवायच्या डिस्क) चालवणाऱ्या कुणालाही हे कधीतरी भेटणारच म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, आमची त्या रात्रीची मूर्खपणाची पावलंसुद्धा.

पार्श्वभूमी

आमचा क्लस्टर आमच्याच मशीनवर चालतो, क्लाउडवर नाही. डेटाबेससाठी लागणारे व्हॉल्यूम डिस्कांनी भरलेल्या एका स्टोरेज अ‍ॅरेवरून आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क पुरवायची पद्धत) येतात आणि मध्ये त्या अ‍ॅरेवाल्याचा सीएसआय ड्रायव्हर, म्हणजे कुबरनेटिसला त्या स्टोरेजशी जोडणारं सॉफ्टवेअर. फाइल सिस्टम ईएक्सटी४. जुना अ‍ॅरे म्हातारा झाला म्हणून दोन महिने आधी नवा आणला होता, आणि यात एक फरक होता ज्याकडे तेव्हा कुणीच लक्ष दिलं नाही. जुन्यावर सगळे लन (स्टोरेजने होस्टला दिलेली एकेक डिस्क) थिक होते, म्हणजे जितकी साइज तितकी जागा आधीच बाजूला काढलेली. नव्यावर सगळं थिन, म्हणजे लिहाल तशी जागा लागते आणि सोडाल तशी परत घेता येते. परत घ्यायची तर होस्टने सांगावं लागतं ना की हे ब्लॉक आता मला नकोत, त्या सांगण्यालाच डिस्कार्ड म्हणतात. साटा डिस्कवर त्याचं नाव ट्रिम, स्कझीवर अनमॅप, एनव्हीएमईवर डिअलोकेट, पण काम एकच. जुना अ‍ॅरे होस्टला सांगायचा की मला डिस्कार्ड कळत नाही. नवा सांगत होता की कळतं, पाठवा.

नव्या अ‍ॅरेवर टेस्टिंग रीतसर केलं होतं बरं का. ५० जीबीचे व्हॉल्यूम बनवले, पॉड (कुबरनेटिसमध्ये कंटेनर चालवायचं एकक) उठले, डेटा लिहिला, फेलओव्हर केला, सगळं पास. फक्त नवा व्हॉल्यूम पहिल्यांदा माउंट व्हायला, म्हणजे वापरासाठी जोडला जायला, साधारण मिनिटभर लागत होतं. जुन्यावर दहा-पंधरा सेकंद लागायचे. कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणालंही की जरा हळू वाटतंय, त्यावर उत्तर मिळालं की नेटवर्कवरचं स्टोरेज आहे, लागतो वेळ, आणि विषय संपला. ते उत्तर देणारा मीच.

प्रॉब्लेम काय दिसला

शनिवारी रात्री १० ते सकाळी ६ अशी मेंटेनन्सची वेळ मिळाली होती. मोठ्या डेटाबेसच्या ३ रेप्लिका (प्रती), प्रत्येकीला २ टीबीचा नवा व्हॉल्यूम, मग जुन्याकडून डेटा सिंक करून घ्यायचा. १०:१० ला स्टेटफुलसेट (डेटा सांभाळणारे पॉड उठवायची कुबरनेटिसची सोय) लावला. पहिला व्हॉल्यूम अ‍ॅरेवर दोन सेकंदात तयार झाला, नोडला (क्लस्टरमधल्या एका मशीनला) अटॅचही झाला, आणि पहिला पॉड कंटेनर क्रिएटिंगमध्ये बसला तो बसलाच. १०:१३ च्या आसपास इव्हेंटमध्ये पहिली लाल ओळ आली, माउंट डिव्हाइस फेल, डेडलाइन एक्सीडेड. त्यानंतर दर थोड्या वेळाने दुसरीच ओळ, की या व्हॉल्यूम आयडीवर आधीच एक ऑपरेशन चालू आहे.

आता ही दुसरी ओळ आम्ही नीट वाचली असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. ती सांगत होती की काम चालू आहे. आम्ही तिचा अर्थ लावला की ड्रायव्हर अडकलाय.

१०:३५ ला आम्ही पॉड डिलीट केला. तो दुसऱ्या नोडवर गेला आणि तिथे मल्टी अटॅचची एरर, कारण व्हॉल्यूम अजून पहिल्या नोडने सोडलाच नव्हता. मग १०:४५ ला पहिल्या नोडवरचा ड्रायव्हरचा पॉड रीस्टार्ट केला आणि काय आश्चर्य, व्हॉल्यूम लगेच सुटला, दुसऱ्या नोडला अटॅच झाला. आम्ही खूश. आणि दोन मिनिटांनी तिथेही तीच डेडलाइन एक्सीडेड. ये रे माझ्या मागल्या.

११:२० पर्यंत वाट बघितली. मग एकाला वाटलं की स्टेटफुलसेट एकेक पॉड क्रमाने उठवतो म्हणून पहिल्याच्या नादात बाकीचे दोन अडकलेत, पॅरलल करून बघू, निदान कळेल तरी की प्रॉब्लेम एकाच व्हॉल्यूमचा आहे की सगळ्यांचा. ती सेटिंग चालू स्टेटफुलसेटवर बदलता येत नाही, म्हणून तो काढून परत बनवला, आणि जाता जाता सगळ्या नोडवरचे ड्रायव्हरचे पॉडही रीस्टार्ट केले, साफसफाई म्हणून. ११:३० ला तिन्ही पॉड एकदम कंटेनर क्रिएटिंगमध्ये. १२:१० ला भलत्याच डेटाबेसचे अलार्म वाजायला लागले, जे या कामाशी संबंधितच नव्हते, फक्त त्याच अ‍ॅरेवर होते. त्यांची राइट लेटन्सी (लिहायला लागणारा वेळ) वाढली होती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

कुठे कुठे शोधलं

पहिला संशय नेटवर्कवर. मल्टिपाथचे (एकाच डिस्ककडे जायचे अनेक रस्ते) सगळे पाथ अ‍ॅक्टिव्ह, पिंग नीट, स्विचवर एरर नाहीत. यात अर्धा तास गेला.

दुसरा संशय एफएसग्रुपवर. पॉडच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये एफएसग्रुप दिला असेल तर माउंट झाल्यावर व्हॉल्यूममधल्या एकेक फाइलचा ग्रुप बदलत बसतात, लाखो फाइली असतील तर त्यात भरपूर वेळ जातो, म्हणून तर रूट मिसमॅच असेल तरच बदल अशी पॉलिसी कुबरनेटिसमध्ये आली. पण आमचा व्हॉल्यूम कोरा. त्यात लॉस्ट अँड फाउंडशिवाय काही असायचं कारणच नाही. तरी एकाने ती पॉलिसी लावून बघितली, फरक शून्य. माउंट हळू म्हटलं की सगळे आधी इथेच येतात म्हणून सांगितलं, कोऱ्या व्हॉल्यूमवर हा संशय दहा सेकंदात बाद करा.

तिसरा संशय ड्रायव्हरच्या बगवर, आणि त्यासाठी ड्रायव्हरचे लॉग वाचत बसलो, ज्यात फॉरमॅट सुरू केलं एवढी एक ओळ होती आणि पुढे काहीच नाही.

१२:४० ला टीममधली सगळ्यात नवीन मुलगी म्हणाली, नोडवर जाऊन प्रोसेस बघितल्या का कुणी. नव्हत्या बघितल्या. अडीच तास आम्ही क्युबसीटीएलच्या (कुबरनेटिसच्या कमांडच्या) खिडकीतूनच आत डोकावत होतो. तिने नोडवर पीएस मारलं आणि समोर एमकेएफएस, ईएक्सटी४ बनवणारं, ७० मिनिटांपासून चालू, स्टेट कॅपिटल डी, म्हणजे कर्नलमध्ये आयओची वाट बघत थांबलेलं. प्रॉकमध्ये त्या प्रोसेसचा स्टॅक बघितला तर त्यात ब्लॉक डिव्हाइस इश्यू डिस्कार्ड हे फंक्शन स्वच्छ दिसत होतं.

आयओस्टॅट (डिस्कवरचा भार दाखवणारी कमांड) तर आम्ही आधीच लावून ठेवलं होतं, वाचता आलं नाही एवढंच. रीड शून्य, राइट शून्य, आणि युटिलायझेशन १०० टक्के, हे बघून आम्ही म्हणत होतो की डिस्क हँग आहे. नव्या आयओस्टॅटमध्ये डिस्कार्डचे वेगळे कॉलम असतात, सेकंदाला किती, किती एमबी, सरासरी किती वेळ. ते उजवीकडे टर्मिनलच्या बाहेर गुंडाळले गेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नेमकं काय होत होतं

ईएक्सटी४ची फाइल सिस्टम बनवताना एमकेएफएस डीफॉल्टने आधी अख्खा डिव्हाइस डिस्कार्ड करतं. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टमचंही तसंच. हेतू चांगला आहे, एसएसडीला किंवा थिन स्टोरेजला कळावं की इथलं जुनं सगळं फेकून दे. डिव्हाइस डिस्कार्ड कळत नाही म्हणाला तर ती पायरी गपचूप सोडून दिली जाते, म्हणून जुन्या अ‍ॅरेवर हे कधी दिसलंच नाही.

एलएसबीएलकेला (डिस्कांची माहिती देणारी कमांड) कॅपिटल डीचा फ्लॅग देऊन बघितलं तर आमच्या लनची एका डिस्कार्डची कमाल मर्यादा ८ एमबी. म्हणजे २ टीबीसाठी २,६२,१४४ अनमॅप कमांड. अ‍ॅरे त्या जवळपास एकापाठी एकच उरकत होता आणि एकेकीला साधारण १० मिलिसेकंद घेत होता. गुणाकार करा, ४४ मिनिटं. तेही अशा व्हॉल्यूमसाठी ज्यात अजून एक ब्लॉकही लिहिलेला नाही, सोडण्यासारखं काहीच नाही, तरी अ‍ॅरे प्रत्येक वेळी आपली मॅपिंगची वही उघडून बघणार, नाही रे काही, आणि बंद करणार.

हाच हिशोब ५० जीबीला लावा. ६,४०० कमांड, ६४ सेकंद. ते टेस्टिंगमधलं मिनिट.

आता क्युबलेटची, म्हणजे प्रत्येक नोडवर पॉड चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या प्रोग्रामची बाजू. क्युबलेट सीएसआय ड्रायव्हरला व्हॉल्यूम स्टेज कर म्हणून सांगतो आणि २ मिनिटं वाट बघतो, ती वेळ कोडमध्येच बसवलेली आहे, सेटिंग नाही. २ मिनिटांत आमच्या अ‍ॅरेवर साधारण ९४ जीबी डिस्कार्ड होतात, म्हणजे त्याच्या आतला कुठलाही व्हॉल्यूम हळू का होईना पण पास आणि वरचा प्रत्येक नापास. वेळ संपली की क्युबलेट हात वर करतो, पण ड्रायव्हरने सुरू केलेलं एमकेएफएस मरत नाही, ते आपलं मागे चालूच राहतं, आणि क्युबलेट परत विचारायला आला की ड्रायव्हर सांगतो, आधीचं चालू आहे. म्हणजे आम्ही १०:१० नंतर चहा प्यायला गेलो असतो आणि ११ ला परत आलो असतो तर पहिला पॉड उठलेला दिसला असता.

त्याऐवजी आम्ही ३५ मिनिटांनी ड्रायव्हर रीस्टार्ट केला. एमकेएफएस त्याच्याच कंटेनरमध्ये चालतं, कंटेनर मेला की तेही मेलं, लगेच नाही, हातातली कमांड संपल्यावर, पण मेलं. सुपरब्लॉक (फाइल सिस्टमची ओळख असलेला ब्लॉक) डिस्कार्डनंतर लिहिला जातो, त्यामुळे नव्या नोडवर बीएलकेआयडीने (डिस्कवर कुठली फाइल सिस्टम आहे ते सांगणारी कमांड) बघितलं तर डिस्क कोरीच, झालं, शून्यापासून परत. दुसऱ्यांदा ३४ मिनिटांनी आम्ही तेच केलं. आणि तिसऱ्यांदा तिघांना एकदम सोडलं, मग तिघं एकाच रांगेत, प्रत्येकाचा वेग तिसरा हिस्सा, आणि त्या रांगेत बाकीच्या डेटाबेसचे राइट ताटकळत.

पर्याय कोणते होते

रात्री पावणेएकला कारण कळलं तेव्हा पुढे काय यावर वीस मिनिटं वाद झाला, आणि माझ्या मते अख्ख्या रात्रीतली ती सगळ्यात कामाची वीस मिनिटं होती.

काही न करता थांबायचं, हा पहिला पर्याय. एमकेएफएस कधीतरी संपणारच. पण कधी? हाताने चालवलं की एमकेएफएस स्क्रीनवर डिस्कार्ड किती झालं ते दाखवत असतं, पण ड्रायव्हर ते सगळं आउटपुट स्वतःकडे ठेवतो आणि संपल्यावरच देतो. म्हणजे आम्हाला दहा मिनिटं उरलीत की तीन तास काहीच माहीत नव्हतं. शिवाय दुसऱ्यांचे डेटाबेस त्रास भोगत होते, आणि तो त्रास दर मिनिटाला वाढत होता.

टाइमआउट वाढवायचा असं एकाने सुचवलं. तो बदलता येत नाही हे वर सांगितलंच, आणि आला असता तरी ४४ मिनिटं ती ४४च.

तिसरा, तिन्ही एमकेएफएस थांबवायचे आणि व्हॉल्यूम हाताने नोडिस्कार्ड (डिस्कार्ड करू नको असा पर्याय) देऊन फॉरमॅट करायचे. ड्रायव्हर आधी बीएलकेआयडीने बघतो की फाइल सिस्टम आहे का, असेल तर फॉरमॅट करत नाही, सरळ माउंट करतो, त्यामुळे त्याला कळणारही नाही की हे आपण केलेलं नाही. धोका एकच पण भयानक, रात्री एक वाजता झोपाळलेल्या डोळ्यांनी चुकीच्या डिस्कवर एमकेएफएस मारलं तर.

चौथा, आधीच फॉरमॅट केलेला एक साचा व्हॉल्यूम अ‍ॅरेवर ठेवून त्याचे क्लोन काढायचे. दिसायला छान, पण क्लोनचा यूयूआयडी (फाइल सिस्टमचा ओळख क्रमांक) सारखाच येतो, ईएक्सटी४ला चालतं पण एक्सएफएस एकाच मशीनवर असा दुसरा माउंट करायला नकार देतो, आणि रात्री नवीन पद्धत बसवायची हिंमत कुणाची नव्हती. हा लगेच बाद.

ड्रायव्हरला नोडिस्कार्ड पाठवायला सांगायचं हा खरा उपाय होता. काही ड्रायव्हर ते स्वतःच करतात, सेफ या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या आरबीडी डिस्कचा सीएसआय ड्रायव्हर ईएक्सटी४ला नोडिस्कार्ड आणि एक्सएफएसला कॅपिटल केचा फ्लॅग देऊनच फॉरमॅट करतो, कारण तिथेही एका टीबीचे ४ एमबीवाले २,६२,१४४ ऑब्जेक्ट होतात आणि नसलेल्या ऑब्जेक्टलासुद्धा जाऊन विचारावं लागू शकतं. आमच्या ड्रायव्हरच्या आवृत्तीत असा पर्याय नव्हता.

काय केलं, त्या रात्री

तिसरा पर्याय घेतला. पण नोडवर फॉरमॅट करायचं नाही असं ठरवलं, कारण तिथे मल्टिपाथचे चाळीसेक डिव्हाइस, सगळ्यांची नावं सारखी दिसणारी. स्टेटफुलसेट शून्यावर आणला, तिन्ही नोडवरचा ड्रायव्हर रीस्टार्ट करून एमकेएफएस मारले, अ‍ॅरेवरून व्हॉल्यूम सुटलेत याची खात्री केली, आणि स्टोरेजवाल्या सहकाऱ्याने ते एकेक करून क्लस्टरबाहेरच्या एका रिकाम्या सर्व्हरला मॅप केले. त्या सर्व्हरवर दुसरा एकही लन नव्हता, त्यामुळे चुकायला जागाच नव्हती. तरी दोघांनी मिळून डब्ल्यूडब्ल्यूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) मोठ्याने वाचून पीव्हीच्या (कुबरनेटिसमधली त्या व्हॉल्यूमची नोंद) हँडलशी जुळवला, बीएलकेआयडी रिकामं येतंय बघितलं, मगच एंटर.

नोडिस्कार्डसकट फॉरमॅटला ९ सेकंद लागले. कुणीच काही बोललं नाही काही वेळ.

१:४० पर्यंत तिन्ही झाले, व्हॉल्यूम परत सोडले, स्टेटफुलसेट वर आणला, तिन्ही पॉड मिनिटाच्या आत उठले. बाकीच्या डेटाबेसची लेटन्सी एमकेएफएस मारल्यावर दोन-तीन मिनिटांतच खाली आली होती. सिंक ५:२० ला संपला. वेळेत बसलं, पण कसंबसं.

नंतरच्या दोन आठवड्यांत

सोमवारी आधी मोजमाप. एक टेस्टचा लन घेऊन त्यावर नुसतं बीएलकेडिस्कार्ड चालवलं, फाइल सिस्टमचा संबंधच नको म्हणून. १० जीबीला १३ सेकंद, २० जीबीला २६, ४० जीबीला ५१. सरळ रेषा. आता २ टीबीचा अंदाज काढायला पाऊण तास बसायची गरज नाही.

मग कायमचा उपाय. एमकेईटूएफएस डॉट कॉन्फ नावाच्या फाइलमध्ये डिस्कार्डची सेटिंग असते, ती फॉल्स केली की ईएक्सटी४ बनवताना डिस्कार्ड होत नाही. आम्ही सगळ्या नोडवर ती फाइल बदलली, आनंदाने टेस्ट केली, आणि ढिम्म फरक नाही. पालथ्या घड्यावर पाणी. एमकेएफएस नोडवर चालतच नाही ना, ते ड्रायव्हरच्या कंटेनरमध्ये चालतं आणि तिथली फाइल इमेजमधली. मग कॉन्फिगमॅप (कंटेनरला बाहेरून फाइल द्यायची सोय) करून ती फाइल ड्रायव्हरच्या डीमनसेटमध्ये (प्रत्येक नोडवर एकेक पॉड चालवणारी व्याख्या) बसवली. त्यातही पहिल्या खेपेला फक्त आमच्या दोन ओळींची फाइल घातली, तर एमकेएफएस ओरडलं की तुमच्या फाइलमध्ये ईएक्सटी४ काय असतं तेच लिहिलेलं नाही, कारण फीचरची सगळी यादी त्याच फाइलमधून येते. इमेजमधली मूळ फाइल पूर्ण उचला, त्यात एक ओळ वाढवा, मग बसवा.

एक्सएफएसला या फाइलचा काही उपयोग नाही, त्यामुळे ड्रायव्हरमध्ये फ्लॅग येईपर्यंत एक्सएफएसच्या स्टोरेज क्लासवर ८० जीबीची मर्यादा घातली. सुंदर नाही, पण चालतंय.

नोडिस्कार्डची किंमत आहे का? आहे, थोडी. डिस्कार्ड केलेली जागा परत रीड केली तर शून्यच येणार असं डिव्हाइस सांगत असेल तर एमकेएफएस आयनोड टेबल (फाइलींच्या नोंदींचा तक्ता) परत शून्य करायच्या भानगडीत पडत नाही. नोडिस्कार्ड केलं की ते काम माउंटनंतर कर्नलचा एक धागा मागे बसून करतो. दर १६ केबीला एक आयनोड, एकेक २५६ बाइटचा, २ टीबीला ते ३२ जीबी होतात. तो धागा स्वतःहून मध्ये मध्ये थांबत काम करतो, आमच्या ग्राफवर तर दिसलाही नाही, पण शंभर व्हॉल्यूम एकदम बनवणाऱ्याला दिसेल. आणि वापरलेला लन परत वापरत असाल तर जुन्या डेटाची जागा पूलमध्ये (सगळ्या लनच्या सामाईक जागेत) अडकून राहील. आमच्याकडे प्रत्येक व्हॉल्यूम नवा बनतो आणि डिलीट झाल्यावर अ‍ॅरेवरूनच जातो, म्हणून हे आम्हाला लागू नाही.

मग एकाने विचारलं, माउंट ऑप्शनमध्ये डिस्कार्ड आहे का आपल्या? होता. स्टोरेज क्लासमध्ये कुणीतरी कधीतरी लिहून ठेवला होता, जुन्या अ‍ॅरेवर निरुपद्रवी. तो असला की फाइल डिलीट केल्याबरोबर जर्नल कमिटच्या वेळी डिस्कार्ड जातात, म्हणजे उद्या कुणी ३०० जीबीचं टेबल उडवलं की तोच तमाशा भर दिवसा, चालू डेटाबेसवर. तो काढला आणि त्याऐवजी एफएसट्रिम (मोकळी जागा एकदम डिस्कार्ड करणारी कमांड) ठरवून चालवायचं ठरलं.

इथे आणखी दोन खड्डे लागले. लिनक्समधला तयार एफएसट्रिमचा टाइमर एफएसटॅबमधल्या (मशीनने काय माउंट करायचं त्याची फाइल) नोंदी बघतो, आणि क्युबलेटने माउंट केलेले व्हॉल्यूम एफएसटॅबमध्ये नसतात, म्हणजे टाइमर हिरवा दाखवतो आणि आपल्या व्हॉल्यूमला हातही लावत नाही. आम्हाला स्वतःचा क्रॉनजॉब लिहावा लागला. दुसरा खड्डा जास्त मजेशीर. नोडिस्कार्डने बनवलेल्या, अर्ध्याहून जास्त रिकाम्या व्हॉल्यूमवर पहिल्यांदा एफएसट्रिम चालवलं की ते सगळी मोकळी जागा डिस्कार्ड करायला घेतं, म्हणजे जे ४४ मिनिटांचं काम आपण दारातून हाकललं ते खिडकीतून आत. ईएक्सटी४ कुठले ब्लॉक ग्रुप ट्रिम झाले ते लक्षात ठेवतं, पण फक्त माउंट असेपर्यंत, पॉड दुसऱ्या नोडवर गेला की सगळं विसरलं. म्हणून आमचा जॉब १०० जीबीचा एकेक तुकडा ऑफसेट देऊन घेतो, तुकड्याला साधारण दोन मिनिटं, मध्ये विश्रांती, आणि एका वेळी एकच व्हॉल्यूम. २ टीबीचे २१ तुकडे, दोन-तीन रात्रींत मिळून. तेही महिन्यातून एकदा, कारण पूलमध्ये जागेची एवढी घाई नाहीये आम्हाला.

सीएसआयच्या ऑपरेशनला किती सेकंद लागले याचं मेट्रिक क्युबलेट देतोच, त्यावर ३० सेकंदांचा अलार्म लावला. टेस्टिंगच्या वेळी हा असता तर ते ६४ सेकंद मीटिंगमधल्या माझ्या उत्तराने झाकले गेले नसते.

वेगळं काय करता आलं असतं

पॉड आणि ड्रायव्हर रीस्टार्ट करण्याआधी नोडवर एक पीएस मारायला हवं होतं हे उघड आहे, त्यावर जास्त बोलत नाही. मला जास्त सलतात त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

एक, किती काम उरलंय हे कळत नाही म्हणून आम्ही थांबायचा पर्याय सोडला, पण ते कळत होतं. कर्नल ४.१८ पासून प्रॉकमधल्या डिस्कस्टॅट्समध्ये किती सेक्टर डिस्कार्ड झाले त्याचा आकडा असतो. २ टीबी म्हणजे ५१२ बाइटचे ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर. भागाकार केला असता तर पावणेएकला कळलं असतं की अर्ध्याच्या वर झालंय, तासाभरात संपेल. मग आम्ही मारलं असतं का? टीममध्ये यावर अजून दोन मतं आहेत. मी म्हणतो तरीही मारलं असतं, कारण दुसऱ्यांचे डेटाबेस आणखी तासभर ओलीस ठेवायचा आम्हाला हक्क नव्हता. स्टोरेजवाला सहकारी म्हणतो, हाताने फॉरमॅटचा धोका तासाभराच्या लेटन्सीपेक्षा मोठा होता, आणि आपलं नशीब म्हणून निभावलं.

दोन, मारायचीच गरज नव्हती. प्रत्येक ब्लॉक डिव्हाइसला सिसएफएसमध्ये डिस्कार्ड मॅक्स बाइट्स नावाची फाइल असते, तिच्यात शून्य लिहिलं की त्या डिव्हाइसवर डिस्कार्ड बंद. चालू असलेलं एमकेएफएस पुढचा तुकडा पाठवायला जातं, त्याला उत्तर मिळतं की सपोर्ट नाही, आणि ते खांदे उडवून डिस्कार्ड सोडतं, फाइल सिस्टम बनवून मोकळं होतं. आम्ही हे नंतर टेस्ट लनवर करून बघितलं. शून्य लिहिल्यापासून फॉरमॅट संपेपर्यंत १२ सेकंद. लक्षात ठेवायचं एवढंच की मल्टिपाथ असेल तर वरच्या डीएम डिव्हाइसवर लिहायचं, खालच्या एकेका पाथवर नाही, आणि आमचा कर्नल नवा आहे, जुन्यावर आधी टेस्ट करा. काम झालं की मूळ आकडा परत लिहा, नाहीतर एफएसट्रिमही बंद पडेल. कायमचा उपाय म्हणून युडेव्हच्या नियमात (डिव्हाइस दिसलं की लिनक्स आपोआप लावतो ते नियम) हे टाकावं असंही एकाचं म्हणणं होतं, ते याच कारणाने नाकारलं. पण आपत्कालीन पान म्हणून रनबुकमध्ये (अडचणीत काय करायचं त्याची वही) सगळ्यात वर आता हेच आहे, तीन ओळींचं.

पॅरलल करून बघायच्या निर्णयाबद्दल मात्र मी त्या सहकाऱ्याला दोष देत नाही. एक व्हॉल्यूम की सगळे, हा प्रश्न बरोबर होता. फक्त तो प्रश्न १० जीबीचे दोन वेगळे व्हॉल्यूम बनवून विचारता आला असता, ते मिनिटभरात उठले असते आणि साइजचा मुद्दा आपोआप समोर आला असता.

आत्ताची स्थिती

२ टीबीचा नवा व्हॉल्यूम मागितल्यापासून पॉड चालू होईपर्यंत आता साधारण २० सेकंद लागतात. ५० जीबीचाही तेवढाच वेळ, जे बघून टेस्टिंगवाल्याने एकदा विचारलं होतं की टेस्ट नीट चालतेय ना. एका अनमॅपला १० मिलिसेकंद का लागतात हे अ‍ॅरेवाल्याला विचारलंय, तिकीट उघडं आहे, त्यांचं म्हणणं की पुढच्या फर्मवेअरमध्ये सुधारणा आहे. दर फर्मवेअर अपडेटनंतर आम्ही टेस्ट लनवर ४० जीबीचं बीएलकेडिस्कार्ड चालवून घड्याळ लावतो. सुरुवातीला ५१ सेकंद होते, मागच्या अपडेटनंतर ४९ आले.